पाण्याखालचा उजेड : स्वस्तातला स्ट्रोब घेताना

या महिन्याचे पत्र सेलूहून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनीचा मुलगा दोन हंगामांपासून मालवणला आहे. पोहायला तो दुधनेत शिकला, पुढे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण घेतले आणि आता पर्यटकांना समुद्राच्या पाण्याखाली नेण्याचे, तिथे त्यांचे व्हिडिओ काढून देण्याचे काम करतो. मागच्या महिन्यात त्याने घरी फोन करून सांगितले, ‘अम्मी, एक स्ट्रोब घ्यायचा आहे. चाळीस हजार लागतील.’ घरात भिशीचे चाळीस हजार नुकतेच आले आहेत, पण ते धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले आहेत.

भगिनी विचारतात : हा स्ट्रोब म्हणजे काय? फ्लॅशच असेल तर तो बाजारात दोन-तीन हजारांत मिळतो, मग हा चाळीस हजारांचा कशाला? स्वस्तातला चालणार नाही का? आणि नाहीच घेतला तर पोराचे काही अडेल का?

प्रश्न चारही रास्त आहेत. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण पोटापाण्यासाठी बाहेर गेलेले मूल प्रत्येक मोहल्ल्यात आहे, आणि त्याने मागितलेल्या हत्याराचे नावही घरच्यांनी कधी ऐकलेले नसते, असे वारंवार घडते. अशा वेळी ‘पोर म्हणते तर घेऊन देऊ’ आणि ‘असले शौक आपल्याला परवडत नाहीत’ ही दोन्ही उत्तरे घाईची ठरतात. आधी वस्तू समजून घ्यावी.

पाण्यात रंग कुठे जातात?

सूर्याचा उजेड पांढरा दिसतो, पण त्यात सगळे रंग असतात, हे आपण सहावी-सातवीत शिकलेलो आहोत. हा उजेड पाण्यात शिरला की पाणी एकेक रंग गिळत जाते. सगळ्यात आधी लाल जातो. पाच मीटर खोलीवर बहुतेक लाल संपलेला असतो. दहा मीटरच्या आसपास नारिंगी, त्याखाली पिवळा. उरतो निळा आणि हिरवा. खोल पाण्यात पाणबुड्याच्या बोटाला कापले तर रक्त लाल दिसत नाही, काळपट हिरवे दिसते.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी फक्त वरून खाली येताना रंग खाते असे नाही, आडवे जातानाही खाते. मासा पाच मीटर खोल आहे आणि कॅमेऱ्यापासून दोन मीटर लांब आहे, तर उजेडाने पाण्यातून एकूण सात मीटर प्रवास केलेला असतो. म्हणून पाण्याखालचे फोटो धुरकट, निळे-हिरवे येतात. कॅमेरा कितीही भारी असला तरी तिथे नसलेला रंग तो कुठून आणणार?

यावर उपाय एकच. पांढरा उजेड आपल्याबरोबर खाली न्यायचा आणि वस्तूच्या अगदी जवळ जाऊन टाकायचा. हा उजेड टाकणारा, पाण्यात चालणारा फ्लॅश म्हणजे स्ट्रोब. तो टॉर्चसारखा सतत जळत नाही. पंख्याच्या मोटारीला कपॅसिटर असतो तसा मोठा कपॅसिटर त्यात असतो. सेलमधून त्यात हळूहळू वीज साठते आणि बटण दाबताच सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात एकदम बाहेर पडते. दोन-चार सेकंद टाकी भरायची आणि मग व्हॉल्व्ह एकदम उघडायचा, असा प्रकार. त्यामुळे चार साध्या सेलवर चालणारे यंत्रही क्षणभर लखलखीत उजेड देते.

मग महाग का? कारण दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट दाब. तेवढ्या दाबाखाली खारे पाणी केसाएवढ्या फटीतूनही आत शिरते. कुकरला जशी रबरी रिंग, तशी स्ट्रोबच्या झाकणाला ओ-रिंग असते, पण कुकरची रिंग आतली वाफ अडवते आणि ही बाहेरचा समुद्र अडवते. शिवाय ही वस्तू थोड्याच संख्येने बनते आणि बहुतेक परदेशातूनच येते. लग्नाच्या फोटोग्राफरचा फ्लॅश आणि हा स्ट्रोब यांच्या किमतीत फरक पडतो तो यामुळे.

लाकडी पिंपावरच्या दिव्यापासून

ही अडचण नवी नाही. लुई बूताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्स इथे पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली. उजेडासाठी त्याने लाकडी पिंपावर काचेखाली स्पिरिटचा दिवा बसवला आणि रबरी फुग्याने त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकली. १९२६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी लाँगली आणि मार्टिन यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. ते जानेवारी १९२७ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये छापून आले. पुढे हॅरल्ड एजर्टन या अमेरिकन अभियंत्याने विजेचा फ्लॅश इतका सुधारला की १९५० च्या दशकात कूस्तो यांच्या जहाजावरून तो समुद्रात उतरला. आज सेलूच्या मुलाला हवा असलेला स्ट्रोब हा त्याच घराण्यातला, हातात मावणारा.

मालवणचे पाणी

आता मुद्दा असा की स्ट्रोब कुठल्या पाण्यात वापरायचा आहे. परदेशी व्हिडिओंत दिसते ते तीस-तीस मीटरपर्यंत आरपार दिसणारे पाणी आपल्या किनाऱ्याजवळ नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. तिथे प्रवाळ आहे, पोपटमासे आहेत, फुलपाखरू मासे आहेत. पण जवळच खाड्या आहेत, कर्ली नदी तारकर्ली-देवबागपाशी समुद्राला मिळते, गाळ येतो, लाटा तळ ढवळतात. चांगल्या दिवसांतही पाण्यात बारीक कण तरंगत असतात आणि पाच-सात मीटरच्या पुढचे अंधुक होते.

अशा पाण्यात उजेड टाकला की काय होते हे समजायला समुद्रावर जायची गरज नाही. डिसेंबरात पहाटे धुक्यात मोटारसायकलवरून जाताना हेडलाइट अप्पर करून पाहावा. रस्ता जास्त दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब तो उजेड आपल्याच डोळ्यांत परत फेकतात. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या धुळीमागून जातानाही तेच. पाण्यातले कणही असाच उजेड परत कॅमेऱ्यात फेकतात आणि फोटोवर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात.

यावरून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्या खिशाच्या फायद्याच्या आहेत. पहिली : गढूळसर पाण्यात फार ताकदीचा स्ट्रोब कामाला येत नाही. तीन मीटरवरच्या माशापर्यंत उजेड पोचवला तरी मधले तीन मीटर कणच उजळणार. फोटो जमणार तो हातभर अंतरावरचा. दुसरी : स्ट्रोब कॅमेऱ्याला चिकटून नको, बाजूला हातभर लांब हवा, म्हणजे उजेड तिरका पडतो आणि भिंगासमोरचे पाणी अंधारातच राहते. म्हणजे अधिक ताकदीवर पैसे घालण्यापेक्षा तो स्ट्रोब लांब धरणाऱ्या दांडीवर घातलेले बरे.

इथे पाणी आणखी एक फसवणूक करते. पाण्यातून हवेत येताना उजेड वळतो. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात काच आणि पाण्यातून जाणाऱ्या उजेडाच्या या वळण्याचा प्रयोगांनी अभ्यास केला होता. पाणबुड्याच्या चष्म्यातून एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर असल्यासारखा दिसतो. नवखा माणूस त्या दिसणाऱ्या जागेवर स्ट्रोब रोखतो आणि उजेड माशाच्या अलीकडच्या पाण्यावर पडतो. म्हणून स्ट्रोबचे तोंड नेहमी दिसणाऱ्या माशाच्या थोडे पलीकडे ठेवावे. ही युक्ती फुकट आहे, आणि महागड्या स्ट्रोबलाही ती लागतेच.

पहिला प्रश्न : कॅमेरा कोणता?

आम्ही मुलाशी फोनवर बोललो. त्याच्याकडे कामासाठी दोन कॅमेरे असतात. एक मालकाचा, छोटा ॲक्शन कॅमेरा, ज्याने तो पर्यटकांचे व्हिडिओ काढतो. दुसरा त्याने स्वतः जुना घेतलेला, ऑलिंपसच्या टफ मालिकेतला, पाणबंद पेटीसह.

इथेच निम्मे उत्तर मिळते. ॲक्शन कॅमेऱ्याला फ्लॅश नसतो आणि स्ट्रोबला ‘आता चमक’ असा इशारा देण्याची सोयही नसते. त्याला कितीही उत्तम स्ट्रोब जोडला तरी तो चमकणार नाही. आणि व्हिडिओसाठी तर स्ट्रोबचा उपयोगच नाही, कारण तो क्षणभरच लखलखतो. व्हिडिओला सतत जळणारा पाण्यातला दिवा लागतो. म्हणजे पर्यटकांच्या ज्या व्हिडिओंवर आज पगार मिळतो, त्या कामात स्ट्रोबने एक रुपयाची भर पडणार नाही.

मग त्याला तो का हवा? मुलाचे म्हणणे असे : सुटीच्या दिवशी तो आपला टफ कॅमेरा घेऊन उतरतो आणि खडकांवरचे छोटे जीव टिपतो. बिनकवचाच्या रंगीत गोगलगायी, खेकडे, कोळंबीची पिल्ले. गेल्या हंगामात फोटोग्राफीचे शौकीन दोन पर्यटक त्याला म्हणाले, असे जीव कुठे सापडतात हे दाखवणारा आणि स्वतः चांगले फोटो काढणारा गाइड असेल तर आम्ही वेगळे पैसे देऊ. त्याला त्या वाटेने जायचे आहे. हा केवळ शौक नाही, त्यात पुढच्या रोजगाराचे बी आहे. पण ते अजून उगवलेले नाही, हेही खरे. खर्चाचा निर्णय या दोन्ही गोष्टी समोर ठेवून घ्यायचा.

टफ मालिकेतल्या कॅमेऱ्याला स्वतःचा छोटा फ्लॅश असतो. तो चमकला की त्याचा उजेड प्लॅस्टिकच्या फायबर तारेतून स्ट्रोबपर्यंत जातो आणि स्ट्रोब त्याच क्षणी चमकतो. म्हणजे त्याच्या कॅमेऱ्यावर स्ट्रोब चालेल. आता कोणता, ते पाहू.

निवडताना काय पाहावे

ताकद. स्ट्रोबची ताकद ‘गाइड नंबर’ने सांगतात. या आकड्याला मीटरमधल्या अंतराने भागले की कॅमेऱ्याचे छिद्र किती ठेवायचे ते कळते. पण छापलेला आकडा हवेतला असतो. पाण्यात तो निम्मा किंवा त्याहूनही कमी धरावा. गाइड नंबर २० असेल तर पाण्यात ८ धरू. अर्ध्या मीटरवरच्या गोगलगायीसाठी ८ भागिले अर्धा म्हणजे १६. कॅमेऱ्याचे छिद्र एफ ८ ला असेल तर पाव ताकदीतच काम भागते. ३२ गाइड नंबरचा स्ट्रोब याच्या अडीच पट उजेड देतो, किंमतही बरीच जास्त घेतो, आणि मालवणच्या पाण्यात हातभर अंतरावर त्या जादा उजेडाला काही काम नसते. २० पुरे.

ताकद कमी-जास्त करायची चकती. ही अत्यावश्यक. काही स्वस्त स्ट्रोब फक्त आपोआप मोजणीवर चालतात. सुरुवातीला सोपे वाटते, पण पांढरी वाळू किंवा पाण्यातले कण समोर आले की ही मोजणी फसते. हाताने निदान पाच-सहा पायऱ्यांत ताकद बदलता येईल असाच घ्यावा.

इशाऱ्याची पद्धत. फायबर तार घ्यावी. विजेच्या वायरीसाठी कॅमेऱ्याच्या पेटीला वेगळे भोक आणि जोड लागतो, म्हणजे खर्च आणि पाणी शिरण्याची आणखी एक जागा. फायबरमधून फक्त उजेड जातो, पाण्याचा धोका नाही. मात्र छोटे कॅमेरे मुख्य फ्लॅशच्या आधी एक हलकी पूर्वचमक देतात. काही स्वस्त स्ट्रोब त्या पूर्वचमकीलाच फसून चमकतात आणि खऱ्या फोटोच्या वेळी रिकामे असतात. विक्रेत्याला विचारावे : पूर्वचमक ओळखून सोडण्याची सोय आहे का? आपल्या कॅमेऱ्यावर लावून दहा फोटो काढून दाखवा.

सेल. साध्या एए आकाराचे सेल घेणारा स्ट्रोब बरा. चार्ज होणारे निकेल सेल कुठेही मिळतात, एक जोडी खिशात ठेवता येते. आत पक्की बसवलेली बॅटरी असेल तर ती दमली की सगळे यंत्र दुरुस्तीला जाते. दोन चमकांमधला वेळही पाहावा. पूर्ण ताकदीवर दोन-तीन सेकंद ठीक, सात-आठ सेकंद लागत असतील तर मासा थांबत नाही.

उजेडाचा पसारा. समोर पांढरट प्लॅस्टिकची चकती, डिफ्यूझर, लावली की उजेड पसरतो आणि मऊ होतो. स्ट्रोबबरोबर ती मिळाली नाही तर दुधी रंगाच्या प्लॅस्टिक डब्याचे झाकण कापून बसवता येते. त्यासाठी पैसे मोजायला नकोत.

या मापात बसणारी जुनी-जाणती नावे म्हणजे जपानच्या ‘सी अँड सी’चा वायएस-०१ आणि ‘इनॉन’चा एस-२०००. दोन्हींचा गाइड नंबर २०, दोन्ही चार एए सेलवर चालतात, दोन्ही मुठीत मावतील एवढे. ‘इनॉन’चा जुना झेड-२४० गाइड नंबर २४ चा, थोडा मोठा आणि अनेक वर्षे डायव्हरांच्या वापरात असलेला. त्याहून स्वस्त चिनी स्ट्रोबही मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण वर सांगितलेल्या पाच गोष्टी त्यांनाही लावून पाहाव्यात आणि बिघडला तर भारतात कोण पाहणार, हे आधी विचारावे. सुरुवातीला स्ट्रोब एकच घ्यावा. दोन स्ट्रोबांचे फोटो सुंदर येतात, पण एकाने शिकलेला माणूस दुसऱ्याची किंमत वसूल करतो.

चाळीस हजारांत बसेल का?

अशा छोट्या नव्या स्ट्रोबची परदेशातली किंमत चारशे डॉलर आणि डॉलर पंच्याऐंशी रुपये धरू. झाले चौतीस हजार. त्यावर वाहतूक, कस्टम आणि कर. मग कॅमेऱ्याखालची पट्टी, दांडी, तिचे सांधे आणि पकडी, फायबर तार, सेलच्या दोन जोड्या, चार्जर, जादा ओ-रिंग आणि त्यांचे सिलिकॉन ग्रीस. मुलगा स्ट्रोबचीच किंमत सांगतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे स्ट्रोबच असतो. हिशेब सगळ्या सामानाचा मांडायला हवा. तसा मांडला तर नव्याला चाळीस हजार पुरणार नाहीत. जुना, चांगल्या अवस्थेतला स्ट्रोब मात्र दांडीसकट त्याहून खूपच कमी पैशांत बसू शकतो. मुंबई-पुण्याकडचे, गोव्यातले हौशी डायव्हर मोठा स्ट्रोब घेतात तेव्हा जुना विकतात.

जुना घेताना समक्ष पाहूनच घ्यावा, आगाऊ पैसे पाठवू नयेत. सेलचा कप्पा उघडून पाहावा. हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी खूण असेल तर आत कधीतरी खारे पाणी शिरलेले आहे, तो सोडून द्यावा. ओ-रिंगच्या खाचेवर ओरखडा नको. पूर्ण ताकदीवर लागोपाठ दहा वेळा चमकवून पाहावा, मग प्रत्येक पायरीवर. त्यानंतर सेल काढून आत कोरडा टिश्यू पेपर ठेवावा आणि तासभर बादलीत बुडवावा. कागद कोरडा निघाला तर पहिल्या डाइव्हलाही सेल न घालता तसाच खाली नेऊन आणावा. खोलीवरची खरी परीक्षा तीच.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत वाचावा. बिघडलेला स्ट्रोब घरी किंवा गल्लीतल्या टीव्ही-दुरुस्तीवाल्याकडे उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही शेकडो व्होल्टची वीज साठलेली राहू शकते, ती जिवावर बेतते. आणि पाणी शिरलेल्या स्ट्रोबमध्ये सेलमुळे वायू कोंडलेला असू शकतो, म्हणून त्याचे झाकण चेहऱ्याकडे धरून कधीही काढू नये.

पैसे खर्चण्याआधीचा एक हंगाम

बेटा, हे तुझ्यासाठी. स्ट्रोबशिवायही तुझे फोटो आजच्यापेक्षा खूप सुधारू शकतात. पाच मीटरच्या आतच राहा, सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात उतर, सूर्य पाठीशी ठेव. माशाच्या जवळ जा, आणि पोचलास असे वाटले की आणखी जवळ जा. कॅमेऱ्याला पांढऱ्या पाटीवर रंग जुळवायला शिकव, तुझ्या कॅमेऱ्यात ती सोय आहे. अगदी जवळच्या गोगलगायीसाठी साधा पाण्यातला टॉर्चही पुष्कळ रंग परत आणतो, आणि तो व्हिडिओलाही चालतो. सगळ्यात महत्त्वाचे, पाण्यात स्थिर तरंगायला शिक. तुझ्या पायांनी उडवलेली वाळू कुठलाही स्ट्रोब लपवू शकत नाही, आणि फोटोसाठी प्रवाळावर उभा राहिलास तर वर्षानुवर्षे वाढलेला जीव एका पावलात मरतो. त्याच प्रवाळामुळे तुझ्याकडे पर्यटक येतात. आणि एकाच छोट्या जीवावर पुन्हा पुन्हा फ्लॅश मारू नको, दोन-तीन फोटो झाले की पुढे हो.

स्ट्रोब घेतलास तर प्रत्येक डाइव्हनंतर अर्धा तास गोड्या पाण्यात भिजव, ओ-रिंगवरचा केस आणि वाळूचा कण पुसून काढ, ग्रीस बोटाला चमक येईल इतकेच लाव. पावसाळ्यात हंगाम बंद झाला की सेल काढून ठेव. घरी आणलास तर परभणीच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या ट्रंकेत ठेवू नको. तिथे रबर सुकते.

घरचा हिशेब

आपा, आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. या हंगामात स्ट्रोब नाही घेतला तर मुलाचे काही अडणार नाही. आजची कमाई व्हिडिओची आहे, ती तशीच चालू राहील. उलट भिशीचे पैसे तिकडे गेले तर मुलीच्या फीची तारीख पुढे ढकलता येणार नाही. म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे : ते चाळीस हजार मुलीचे आहेत, त्यांना हात लावू नये.

पण मुलाला नुसता नकारही देऊ नये. त्याने दोन कामांचा विचार एकत्र करून एकच आकडा सांगितला, त्याच्या मेहनतीत खोट नाही. त्याला सांगा, या हंगामात दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाक. त्या दोन पर्यटकांसारखे आणखी किती जण येतात आणि खरोखर किती पैसे देतात, ते वहीत लिहून ठेव. पावसाळ्यात वही घेऊन घरी ये, मग सगळे बसून बघू. कमाईची वाट दिसत असेल तर पुढच्या ऑक्टोबरच्या आत जुना स्ट्रोब घ्यावा. निम्मे त्याचे, उरलेले मामू किंवा चाचांकडून कर्जे हसना म्हणून, कागदावर लिहून आणि परतफेडीची तारीख ठरवून. व्याजाच्या हप्त्यावर घेऊ नये. मालवणचा हंगाम पावसाळ्यात बंद असतो, कमाई थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. वहीत गिऱ्हाईक दिसले नाही तर टॉर्च आणि जुना कॅमेरा आहेतच, शौक त्यावर भागेल.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवणाऱ्यांना एक विनंती. घरात कुठलेही यंत्र घेण्याबद्दल विचारायचे असेल तर पत्रात तीन गोष्टी जरूर लिहाव्यात : ते नेमके कोणत्या कामासाठी हवे, त्याला जोडून लागणारे कोणते सामान आधीपासून घरात आहे, आणि पैसे कोणत्या खर्चातून काढले जाणार आहेत. एवढे कळले की सल्ला देणे सोपे जाते, आणि पुष्कळदा हे तीन मुद्दे लिहून काढतानाच उत्तर सापडते.